कमान किती ताठ असावी?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मालट्रकच्या चाकांवर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या आपण सर्वांनी पाहिलेल्या असतात. महामार्गाच्या कडेला बसलेला कारागीर त्यांना 'पाटे' म्हणतो आणि त्या सगळ्या जुडग्याला 'कमान' म्हणतो. 'पाटा तुटला' एवढे दोन शब्द ऐकले की ट्रकवाल्याच्या कपाळाला आठ्या पडतात. आपल्या लहान मोटारीत मात्र हे पाटे आता जवळपास दिसत नाहीत. त्यांची जागा वेटोळ्या स्प्रिंगेने घेतली आहे. चाकाच्या मागे, चिखलात, कोणाच्या नजरेस न पडता ती काम करते. गाडी घेताना आपण रंग पाहतो, मायलेज विचारतो, आसने दाबून पाहतो. स्प्रिंगेविषयी एक अक्षर विचारत नाही.

अलीकडे मात्र तो प्रश्न विचारणारा एक वर्ग तयार झाला आहे. बाजारात लाल, निळ्या, काळ्या रंगांच्या वेगळ्या स्प्रिंगा मिळतात. काही गाडी तीस-चाळीस मिलिमीटर खाली बसवतात, काही तेवढीच वर उचलतात. मूळच्या काढायच्या आणि या घालायच्या. कोणाला गाडी रुबाबदार दिसायला हवी असते, कोणाला वळणावर ती कमी कलायला हवी असते, तर कोणाला गावाकडच्या रस्त्यावर खालून घासायला नको असते. पण हीच गाडी रोज कचेरीत न्यायची असते, मुलांना शाळेत सोडायची असते आणि दिवाळीत चार माणसे व डिकीभर सामान घेऊन गावी जायची असते. अशा गाडीला कोणती स्प्रिंग घालावी? प्रश्न नव्या पिढीचा वाटतो, पण तो साडेतीनशे वर्षांचा जुना आहे. तो इतिहास पाहिला तर उत्तरही बरेचसे हाती येते.

सुरुवात लंडनमध्ये करू. १६६५ सालच्या मे महिन्यात रॉयल सोसायटीची काही विद्वान मंडळी कर्नल ब्लंट नावाच्या गृहस्थांकडे जमली. उद्देश एकच, घोडागाडी कमी हादरे देईल अशी कशी करता येईल ते पाहणे. प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स त्या दिवशी तेथे होता. वेगवेगळ्या गाड्यांतून फेरफटका मारल्यावर, जिचा सगळा डोलारा एका लांब स्प्रिंगेवर पेललेला होता ती गाडी फार सुखाची वाटल्याची नोंद त्याने केली आहे. त्याच मंडळींत रॉबर्ट हूक होता. हूकने पुढे १६७६ मध्ये स्प्रिंगेविषयीचा आपला शोध अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला, म्हणजे शोध आपला हेही सिद्ध व्हावे आणि दुसऱ्याला तो कळूही नये. १६७८ मध्ये त्याने कोडे उलगडले. स्प्रिंग जितकी दाबावी, तितक्याच प्रमाणात तिचा प्रतिकार वाढतो. शाळेत आपण 'हूकचा नियम' म्हणून शिकतो तो हाच.

या साध्या नियमातून स्प्रिंगेची ओळख सांगणारा एक आकडा मिळतो. ती एक मिलिमीटर दाबायला किती बल लागते, हा तो आकडा. त्याला आपण कडकपणा म्हणू. आजही स्प्रिंगेच्या खोक्यावर हाच आकडा असतो. युरोपातला कारखाना तो न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये देतो, जपानी विक्रेता किलो प्रति मिलिमीटरमध्ये आणि अमेरिकी विक्रेता पौंड प्रति इंचात. एक किलो प्रति मिलिमीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन प्रति मिलिमीटर, म्हणजेच सुमारे ५६ पौंड प्रति इंच. एवढे लक्षात ठेवले तरी दुकानातली निम्मी फसगत टळते.

हूकचा नियम कळला तरी चांगले पोलाद स्वस्त झाले नव्हते. पुढे शंभर-दीडशे वर्षे श्रीमंतांच्या बग्ग्या चामड्याच्या पट्ट्यांवर टांगलेल्या असत आणि पाळण्यासारख्या झुलत. १८०४ च्या सुमारास लंडनमधल्या ओबाडाया इलियट या गाडी बांधणाऱ्या कारागिराने लंबगोल पाट्यांची स्प्रिंग आणली. दोन कमानी तोंडाला तोंड लावून जोडायच्या आणि त्यांवर गाडी बसवायची. यामुळे खालचा अवजड लाकडी सांगाडा काढून टाकता आला आणि गाड्या हलक्या झाल्या. पुढे आपल्याकडच्या शहरांत आलेल्या घोडागाड्या याच वंशातल्या. बैलगाडीला कमान नव्हती, टांग्याला होती, आणि ज्यांनी दोन्हींतून प्रवास केला त्यांच्या पाठीला तो फरक समजावून सांगावा लागला नाही.

वेटोळ्या स्प्रिंगेचे ब्रिटिश पेटंट त्याहीपूर्वीचे, १७६३ मधले, ट्रेडवेल नावाच्या गृहस्थाचे. मग ती मागे का पडली? पाट्यांच्या कमानीला एक अंगचा गुण असतो. दाबली की तिचे पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणात हादऱ्याची शक्ती जिरते. वेटोळ्या स्प्रिंगेत घासायला काहीच नसते. ती घेतलेली सगळी शक्ती प्रामाणिकपणे परत करते, म्हणजे एकदा खड्ड्यात गेलेली गाडी पुढे कितीतरी वेळ नाचत राहते. शिवाय पाटे चाकाचा आस जागेवरही धरून ठेवतात. वेटोळे फक्त वजन पेलते, बाकीच्या कामाला वेगळे दांडे लागतात. वेटोळ्याला जोडीदार हवा होता, आणि तो जोडीदार म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर. स्प्रिंग धक्का झेलते आणि शॉक ॲब्सॉर्बर तो जिरवतो. ही कामाची वाटणी नीट समजली की पुढच्या बऱ्याच गोष्टी सोप्या होतात.

मोटार आली तेव्हा तिने घोडागाडीची कमान तशीच उचलली. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीला पुढे एक आणि मागे एक, अशा दोनच आडव्या कमानी होत्या. त्याच दशकात फ्रान्सच्या त्र्युफो आणि अमेरिकेच्या हार्टफर्ड यांच्या नावाने ओळखले जाणारे घर्षणाचे शॉक ॲब्सॉर्बर बाजारात आले. गाडीच्या मालकाने ते वेगळे विकत घ्यायचे आणि बसवून घ्यायचे. म्हणजे कारखान्याने दिलेल्या बैठकीवर समाधान न मानता बाहेरून सामान आणून गाडी सुधारण्याची हौस मोटारीइतकीच जुनी आहे.

तरीही १९३० पर्यंत एक कोडे सुटत नव्हते. गाड्या महाग झाल्या, जड झाल्या, पण मागच्या आसनावरची माणसे उसळतच होती. पुढच्या कमानी ताठ ठेवायच्या आणि मागच्या मऊ, अशी सगळीकडे पद्धत होती. माणसे मागे बसतात म्हणून मागे मऊ हवे, हा तर्क कोणालाही पटण्यासारखा होता. मॉरिस ऑली नावाचा इंग्रज अभियंता रोल्स-रॉइस सोडून १९३० मध्ये अमेरिकेत कॅडिलॅककडे आला. त्याने एका लांबलचक गाडीला पुढे-मागे सरकवता येणारी वजने लावली, स्प्रिंगा बदलत्या ठेवल्या आणि सहकाऱ्यांना तिच्यात बसवून रस्त्यावर फिरवले. तेथे उलटेच उत्तर मिळाले. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ केल्या की गाडी सपाट, शांत चालू लागली.

याचे कारण मोठे गमतीचे आहे. उंचवट्यावर आधी पुढची चाके जातात, क्षणभराने मागची. पुढचा भाग आधी डोलू लागतो आणि मागचा उशिरा. मागच्या भागाचे डोलणे जरा जलद असेल, तर तो पुढच्याला लवकर गाठतो आणि दोघे मिळून एका लयीत खालीवर होतात. तसे नसेल तर एक वर असताना दुसरा खाली, अशी घुसळण चालू राहते आणि तीच पोटात ढवळते. पण पुढे मऊ स्प्रिंगा घालायच्या तर जुना अखंड आस चालेना, सुकाणू थरथरू लागे. म्हणून पुढची दोन्ही चाके एकमेकांपासून मोकळी करावी लागली. १९३४ च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत ही सुटी पुढची चाके आली आणि त्यांच्याबरोबर वेटोळी स्प्रिंग मोठ्या प्रमाणावर मोटारीत शिरली.

येथे आणखी एक आकडा सांगतो, कारण नव्या स्प्रिंगा निवडताना तोच खरा उपयोगी. गाडी तिच्या स्प्रिंगांवर सेकंदाला किती वेळा डोलते, हा तो आकडा. माणूस सहज चालतो तेव्हा त्याचे शरीर सेकंदाला एक-दोन वेळा खालीवर होते, त्यामुळे सेकंदाला एक ते दीड डोलणे शरीराला ओळखीचे वाटते. सेकंदाला एक डोलणे हवे असेल तर गाडीच्या स्वतःच्या वजनाने स्प्रिंग सुमारे २५ सेंटिमीटर दबलेली असावी लागते. दीड हवे असेल तर ११ सेंटिमीटर पुरतात. दोन हवे असेल तर जेमतेम सहा. मऊपणाला जागा लागते, आणि जागा मिळायची तर गाडी उंच हवी. मऊ, बुटकी आणि भरपूर सामान वाहणारी, अशी तिन्ही एकदम देणारी पोलादी स्प्रिंग आजवर कोणी बनवलेली नाही.

फ्रान्सच्या सीट्रॉएन कंपनीने १९४८ मध्ये आणलेली 'टू सीव्ही' ही लहानशी गाडी मऊपणाच्या टोकाला उभी होती. शेतकऱ्याने नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तर एकही अंडे फुटता कामा नये, अशी मूळ अपेक्षा होती. ती गाडी वळणावर भयंकर कलायची, पण रस्ता सोडत नसे. तिची बैठक ज्यांनी ठरवली त्यांनी गिऱ्हाइकाचा रस्ता आधी पाहिला होता.

त्याच सुमारास अमेरिकेत अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याने शॉक ॲब्सॉर्बर आणि त्याच्याभोवती वेटोळी स्प्रिंग असा एकच खांब तयार केला. १९५० मध्ये ब्रिटनमध्ये दाखल झालेल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांनी तो रूढ केला. आज आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे हाच 'मॅकफर्सन स्ट्रट' असतो. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० लाही तो होता. या खांबाने एक गोष्ट नकळत केली. चार-सहा बोल्ट काढले की अख्खा खांब हातात येतो, स्प्रिंग बदलता येते. बदलणे सोपे झाले म्हणून बदलायच्या स्प्रिंगांची बाजारपेठ उभी राहिली.

आपल्याकडचा त्याआधीचा काळ वेगळा होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेली अँबॅसिडर पुढे पिळाच्या दांड्यांवर आणि मागे पाट्यांवर उभी होती. ती २०१४ पर्यंत बनत राहिली. मुंबईच्या कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनणारी फियाट, म्हणजेच पुढे 'पद्मिनी' नावाने ओळखली गेलेली गाडी, हिला पुढे वेटोळ्या स्प्रिंगा आणि मागे पाटे होते. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने मुंबईची कित्येक दशके सेवा केली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये निवृत्त झाली. पाट्यांचा एक मोठा फायदा असा की मागे ओझे जास्त येत असेल तर कमानीत एक पाटा वाढवता येतो. ट्रकवाले ते कायम करत आले आहेत. पण त्याची किंमत असते. पाटा वाढवलेली गाडी रिकामी धावते तेव्हा मागून ठोकर मारते. भरल्या गाडीसाठी बनवलेली कमान रिकाम्या गाडीला त्रास देते, आणि रिकामीसाठी बनवलेली भरल्या गाडीला पुरत नाही. रोजच्या वापराच्या गाडीचे सगळे भांडण येथेच आहे.

आता गाडी मुद्दाम खाली बसवण्याची हौस कोठून आली ते पाहू. तिचे एक मूळ शर्यतींत आहे. वजन जमिनीजवळ आले की वळणावर गाडी कमी कलते, हे खरे आहे. पण दुसरे मूळ लॉस एंजेलिसच्या वस्त्यांत आहे, आणि ते अधिक माणुसकीचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे तेथील मेक्सिकन वंशाचे तरुण जुन्या अमेरिकी गाड्या घेत, रंगवत, चकचकीत करत आणि डिकीत वाळूची पोती टाकून खाली बसवत. पुढे कोणी स्प्रिंगेची वेटोळी कापू लागले. बाकीचा देश वेगाच्या मागे असताना ही मंडळी गाडी मुद्दाम सावकाश चालवत, कारण ती लोकांनी पाहावी अशी त्यांची इच्छा असे. ज्यांना शहरात फारसा मान नव्हता, त्यांनी आपला मान गाडीवर कोरला होता.

कॅलिफोर्नियाने १ जानेवारी १९५८ पासून कायदा लागू केला. गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. त्यावर रॉन अगिरे नावाच्या तरुणाने १९५९ मध्ये तोड काढली. विमानांच्या मोडीतले हायड्रॉलिक पंप त्याने आपल्या कॉर्व्हेट गाडीला बसवले. एक खटका दाबला की गाडी कायदेशीर उंचीवर, पुन्हा दाबला की जमिनीलगत! खाली बसलेल्या गाड्यांवरची ती जुनी बंदी कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून उठवली आणि १ जानेवारी २०२४ पासून ती संपली. सहासष्ट वर्षे एका राज्याचे सरकार आणि काही तरुण गाडीच्या उंचीवरून भांडत राहिले. म्हणून खाली बसवलेली गाडी दिसली की 'काय हा पोरकटपणा' असे मी पटकन म्हणत नाही. दिसण्यालाही अर्थ असतो. फक्त त्याची किंमत किती, ती कोण मोजतो, हे माहीत असावे.

जर्मनीने हीच हौस शिस्तीत बसवली. हाइनरिश आयबाख यांनी १९५१ मध्ये सुरू केलेली स्प्रिंगांची कंपनी आज शर्यतीच्या आणि रोजच्या, दोन्ही गाड्यांसाठी स्प्रिंगा बनवते. पण तेथे बाहेरून आणलेली स्प्रिंग बसवायची तर त्या विशिष्ट गाडीसाठी ती तपासली गेल्याचा दाखला लागतो आणि बहुधा बसवल्यावर तपासनिसाला दाखवावी लागते. दाखला नसेल तर गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच रद्द होऊ शकतो. त्यामुळे चांगल्या कंपनीच्या खोक्यात स्प्रिंगेबरोबर कागदही असतो. त्यात गाडीचे मॉडेल, इंजिन आणि आसावर चालणारे जास्तीत जास्त वजन लिहिलेले असते. दुकानात स्प्रिंग पाहताना हा कागद मागावा. तो नसेल तर आपण रंग विकत घेतो आहोत असे समजावे.

आता थोडा हिशेब करू. समजा एक लहान मोटार आहे, वजन ११०० किलो. जमिनीपासून तिचे पोट १६५ मिलिमीटर वर आहे. चारही चाकांपाशी मोजलेला स्प्रिंगेचा कडकपणा २० न्यूटन प्रति मिलिमीटर आहे, आणि चाक वर जायला ८० मिलिमीटर मोकळीक आहे. त्यानंतर रबरी ठोकळा लागतो, ज्याला गॅरेजवाले बंप स्टॉप म्हणतात. या गाडीत माणसे आणि सामान मिळून ३५० किलो भरले तर ती सरासरी ४३ मिलिमीटर बसते. पोट उरले १२२ मिलिमीटर वर, मोकळीक उरली ३७ मिलिमीटर. दिवाळीचा प्रवास होतो.

आता हिला ३५ मिलिमीटर खाली बसवणाऱ्या आणि २५ टक्के अधिक कडक स्प्रिंगा घाला. रिकाम्या गाडीचे पोट आता १३० वर आहे आणि मोकळीक ४५ वर. तेच ओझे भरल्यावर स्प्रिंग कडक असल्याने गाडी ३४ मिलिमीटरच बसते. पोट उरले ९६ मिलिमीटर वर आणि मोकळीक अवघी ११. म्हणजे बोटभरही नाही. पहिल्याच खड्ड्यात गाडी रबरावर आपटणार. अर्ध्या मोकळिकीत तोच धक्का झेलायचा असेल तर स्प्रिंग दुप्पट कडक असून भागत नाही, चौपट लागते. आपल्या उदाहरणात ८० ची मोकळीक ४५ वर आली, म्हणजे तिप्पटीहून अधिक कडकपणा हवा. तेवढी कडक स्प्रिंग घातली तर रोज कचेरीत पोहोचेपर्यंत दात वाजतील. म्हणून दिवसभर एकटा माणूस फिरवतो ती गाडी आणि कुटुंब घेऊन फिरते ती गाडी, यांची स्प्रिंग एक असू शकत नाही.

गतिरोधकाचेही गणित पाहा. भारतीय रस्ते काँग्रेसने १९८८ मध्ये ठरवून दिलेल्या मापाचा गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. तो लहान गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतल्या अंतरापेक्षा रुंद असल्याने चाकेही त्याच्यावर चढतात, पोट सहसा घासत नाही. पण आपल्या गल्लीत रातोरात उभा राहणारा अरुंद, टोकदार गतिरोधक कोणत्याही मापात बसत नाही. तो दोन चाकांच्या मधोमध पूर्ण उंचीने उभा राहतो. ९६ मिलिमीटर वर असलेले पोट त्याच्यावरून जाईल का, याचे उत्तर गाडीच्या खालचा तेलाचा चेंबर देतो. कंपनीने छापलेली पोटाची उंची रिकाम्या गाडीची की भरलेल्या, हेही आधी विचारून घ्यावे.

'आमचा मेकॅनिक दोन वेटोळी कापून देतो, फुकटात काम होते,' असे सांगणारे भेटतात. वेटोळ्याचा कडकपणा तारेच्या जाडीवर आणि वेटोळ्यांच्या संख्येवर अवलंबून असतो. तार दहा टक्के जाड केली तर कडकपणा सेहेचाळीस टक्के वाढतो, इतका तो जाडीला संवेदनशील आहे. वेटोळी कमी केली तर उरलेली स्प्रिंग त्या प्रमाणात ताठ होते. पण ती किती ताठ झाली हे कापणाऱ्याला ठाऊक नसते. त्याहून वाईट म्हणजे कापलेले टोक खालच्या वाटीत नीट बसत नाही आणि चाक लोंबकळले की स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. गॅसच्या ज्योतीने तापवून स्प्रिंग बसवणे तर शुद्ध घातक. या पोलादाला कारखान्यात पाणी देऊन, पुन्हा तापवून विशिष्ट ताकद आणलेली असते. नंतर त्याच्यावर बारीक छऱ्यांचा मारा करतात, त्याने पृष्ठभाग घट्ट होतो आणि चीर पडायला वेळ लागतो. ही युक्ती १९३० च्या दशकापासून इंजिनाच्या व्हॉल्व्ह-स्प्रिंगांवर वापरात आली. ज्योतीचे दोन मिनिट या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतात.

खाली बसवण्यात आणखी एक मेख आहे. मॅकफर्सन खांबाच्या गाडीत चाकाला धरणारा खालचा हात साधारण आडवा असतो. गाडी फार खाली आणली की तो बाहेरच्या टोकाला वर चढतो. तसे झाले की गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू वजनापेक्षा भराभर खाली जातो आणि गाडीला कलायला अधिक वाव मिळतो. म्हणजे कलणे कमी व्हावे म्हणून खाली बसवली आणि कलण्याचे कारणच वाढवून ठेवले. शिवाय चाकांचे कोन बदलतात, टायर आतल्या कडेने झिजतात, दिव्यांचा झोत बदलतो. म्हणून स्प्रिंगा बदलल्या की चाकांचे अलाइनमेंट आणि दिव्यांची दिशा पाहून घेणे हा कामाचाच भाग समजावा.

गाडी उचलणाऱ्यांनीही हुरळून जाऊ नये. उंच स्प्रिंगेने पोट वाचते, पण वजन वर जाते आणि चाक खाली जाण्याची मोकळीक कमी होते. गाडी मागे बसली म्हणून वेटोळ्यांत रबर कोंबण्याची पद्धतही आपल्याकडे आहे. त्याने एखाद-दुसरे वेटोळे काम करेनासे होते आणि स्प्रिंग ताठ होते, एवढेच. जुनी स्प्रिंग बसली की ती मऊ झाली असे आपण म्हणतो. खरे तर तिचा कडकपणा जवळजवळ तोच असतो, तिची उंची गेलेली असते. अशा गाडीला बहुतेक वेळा औषध एकच, मूळच्या मापाची नवी स्प्रिंग, तीही दोन्ही बाजूंना जोडीने. कोकणासारख्या खाऱ्या हवेत गंजलेले वेटोळे अचानक तुटते, तेथे तर ती वेळीच बदलावी.

कायद्याची बाजूही डोळ्यांआड करून चालणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना आळा घालते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोरपणे लावायला सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. अपघातानंतर विमा कंपनीही गाडीच्या बदलांकडे बोट दाखवू शकते. तेव्हा खर्च करण्याआधी आपल्या परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीत विचारून घेणे शहाणपणाचे.

मग रोजच्या गाडीला कोणती स्प्रिंग? आधी गाडीत नेहमी किती माणसे बसतात ते मोजा आणि रोजचा सर्वांत वाईट रस्ता आठवा. खरा दोष स्प्रिंगेत आहे की थकलेल्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये, हे तपासा, कारण 'गाडी डोलते' या तक्रारीचे मूळ बहुधा तेथेच असते. तरीही बदलायचीच असेल तर कडकपणाचा आकडा लेखी मागा आणि मूळच्या आकड्याशी ताडून पाहा. पुढच्या व मागच्या स्प्रिंगांचे आकडे एकमेकांशी ताडू नका. स्प्रिंग चाकापासून आत बसली असेल तर चाकाला तिचा कडकपणा खूपच कमी जाणवतो. ऑलीचा धडा विसरू नका, मागचा भाग पुढच्यापेक्षा जरा जलद डोलला पाहिजे, म्हणून चारही स्प्रिंगा एकाच संचातल्या घ्या. २५ टक्के कडक स्प्रिंगेला सुमारे १२ टक्के अधिक जोराचा शॉक ॲब्सॉर्बर लागतो, तेव्हा जुना जर थकलेला असेल तर दोन्ही बरोबरच बदला. उंची पंधरा-वीस मिलिमीटरपेक्षा जास्त कमी करू नका. ओझे कधी कमी, कधी जास्त असेल, तर सुरुवातीला मऊ आणि दाबत गेले की ताठ होणारी, जवळ-लांब वेटोळ्यांची 'प्रोग्रेसिव्ह' स्प्रिंग पाहा. आणि हे काम घरी करू नका. दाबलेल्या स्प्रिंगेत माणूस जायबंदी करण्याइतकी शक्ती कोंडलेली असते.

कारखान्याने दिलेली स्प्रिंग दिसायला सामान्य असते, कारण ती कोणा एकासाठी बनवलेली नसते. एकटा चालक, भरलेले कुटुंब, गुळगुळीत महामार्ग आणि पावसाळ्यानंतरची गल्ली, या सगळ्यांना थोडे थोडे देऊन केलेली ती तडजोड असते. ती मोडण्याचा हक्क मालकाला जरूर वाटावा. पण पुढच्या आसनावर बसून रुबाब पाहणारा एक असतो आणि मागच्या आसनावर हादरे मोजणारी आजी दुसरी असते. स्प्रिंग निवडताना एकदा मागच्या आसनावर बसून पाहावे आणि मग पैसे द्यावेत.